काकांच्या ट्रंकेत निघालेले इंचभर सैनिक, आणि हे डोनाल्ड फेदरस्टोन कोण?

दक्षिण_कसबा

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबलंय, पण थोडक्यात सांगता येण्यासारखं नाहीये.

आमचे धाकटे काका गेल्या पौषात गेले, इथे सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. लग्न केलं नाही, बोलणं कमी, संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावर एक फेरी आणि घर. आम्हा पोरांना दिवाळीला किल्ला करून द्यायचे, तो मात्र असा की गल्लीतले सगळे बघायला यायचे. यापलीकडे त्यांना काही नाद असेल असं घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. परवा घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला तर त्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. कुलूप गंजलेलं, फोडावं लागलं. आम्हाला वाटलं गिरणीची, फंडाची कागदपत्रं असतील.

आत बिस्किटांचे डबे, डब्यात कापूस, कापसात सैनिक. मोजले, २१४ भरले. प्लास्टिकचे, जरा मऊ, उंची इंचाला थोडी कमीच. प्रत्येकाला हाताने रंग दिलाय. एकेकाच्या छातीवरचा पांढरा पट्टा इतका बारीक की भिंग घेऊन बघितलं मी. आणि साठ-सत्तर जणांच्या डोक्याला सूत गुंडाळून त्याची पगडी केलीय! कारखान्यातलंच सूत असणार, त्यावर काहीतरी चिकट लावून घट्ट केलंय, वर रंग. विलायती शिपायाचा मराठा केलाय अक्षरशः. कुठून आणले होते ते कोणालाच नीट सांगता येत नाही, आई म्हणते मुंबईहून कोणीतरी आणून द्यायचं.

सोबत एक इंग्रजी पुस्तक, म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स, वर घरी केलेलं बाइंडिंग. वॉर गेम्स, लेखक डोनाल्ड फेदरस्टोन. आणि दोनशेपानी वह्या, सात. प्रत्येक लढाईला नवीन पान, वर "श्री", त्याखाली "डो. फेदरस्टोन यांच्या नियमांप्रमाणे", मग तारीख, आणि मग असं:

"निळे - मी. तांबडे - मी. निळ्यांची डावी फळी मागे हटली. तांबडे ओढा ओलांडून आले. फासे ६, ६, १. दिवा गेला, उरलेलं उद्या."

दोन्ही बाजूंनी स्वतःच. सात वह्याभर. हे वाचून मला रात्री झोप नाही आली, खरंच सांगतो. आम्ही शेजारच्या खोलीत झोपलेलो असायचो आणि ते कंदिलाजवळ बसून हे खेळत असणार.

आणखी एक गोष्ट, पत्त्यांचा एक जुना कॅट आहे, प्रत्येक पत्त्यावर कागद डकवून लिहिलंय. "निरोप पोचला नाही." "पाऊस. तोफा रुतल्या." "दारू भिजली." "सरदाराला वाटलं माघार घ्यावी." असे बावन्न. हे कशासाठी ते कळेना.

तर माझे प्रश्न. हे फेदरस्टोन कोण होते आणि काकांनी दर पानावर त्यांचं नाव का लिहिलं असेल? सैनिकांचा रंग खवलासारखा निघायला लागलाय, तो वाचवता येईल का? आणि या दिवाळीला पोरांसोबत किल्ला करून काकांची एखादी लढाई खेळावी असं मनात आहे, तर सुरुवात कशी करायची? कोणाला माहिती असेल तर सांगा.


फासे_आणि_फूटपट्टी

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी गेली बारा-तेरा वर्षं हा छंद करतोय, पुण्यात आम्ही चार टाळकी आहोत, आणि माझी समजूत अशी होती की महाराष्ट्रात आपण पहिले. आणि सोलापुरात एक माणूस एकटा सात वह्या भरून गेला. त्या वह्या जपा, फोटो काढून ठेवा प्रत्येक पानाचा, आधी ते काम करा.

आता फेदरस्टोन. जन्म १९१८, इंग्लंडमधले, दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये होते. युद्धानंतर साउदॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट, तिथल्या फुटबॉल क्लबचेही फिजिओ. म्हणजे दिवसा खेळाडूंचे गुडघे-घोटे नीट करायचे आणि संध्याकाळी टेबलावर सैनिक मांडायचे. खेळातल्या दुखापतींवर पण पुस्तकं लिहिलीत त्यांनी. २०१३ ला गेले, ९५ वर्षांचे होऊन.

छोटे सैनिक मांडून लढाई खेळायची हे काही त्यांनी शोधून काढलेलं नाही हे आधी सांगतो. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी नकाशावर ठोकळे सरकवून लढायचा खेळ केला होता, मुलाने नियम छापले १८२४ साली, ठोकळे निळे आणि तांबडे, मध्ये एक पंच. तुमच्या काकांचे "निळे - मी, तांबडे - मी" तिथपर्यंत मागे जातात बघा, दोनशे वर्षं! पण तो खेळ अधिकाऱ्यांचा, शिकण्यासाठीचा. मग १९१३ ला एच. जी. वेल्स, तेच विज्ञानकथावाले, त्यांनी लिटल वॉर्स लिहिलं. त्यात खेळण्यातली स्प्रिंगची तोफ, तिच्यातून लाकडाची गोळी सोडायची, जो सैनिक पडला तो मेला. फासे नाहीतच. जमिनीवर, खोलीभर, उन्हाळ्यात अंगणात. आणि पुस्तकाच्या शेवटी वेल्स चक्क लिहितात की हा खेळ तीन-चार वेळा खेळून बघा म्हणजे खरं युद्ध किती गचाळ प्रकार आहे ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

त्यानंतर बरीच वर्षं हा नाद म्हणजे इकडे एक तिकडे एक अशी विखुरलेली माणसं. अमेरिकेत जॅक स्क्रबी नावाचे गृहस्थ स्वतः शिशाचे सैनिक ओतायचे, त्यांनी १९५७ ला एक छोटं मासिक काढलं. साउदॅम्प्टनमध्ये टोनी बाथ होते, प्राचीन काळाच्या लढायांचे वेडे. फेदरस्टोन आणि बाथ एकाच गावातले, एकत्र खेळायचे, स्क्रबींच्या मासिकाचं इंग्लंडचं काम बघायचे. १९६१ ला फेदरस्टोननी साउदॅम्प्टनला अशा सगळ्या लोकांचा मेळावा भरवला. आणि १९६२ ला तुमच्या ट्रंकेतलं ते पुस्तक आलं.

त्या पुस्तकाचं मोठेपण काय ते नीट सांगतो, कारण आज ते वाचलं तर साधं वाटेल. त्यांनी "मी सांगतो तसंच खेळा" असं केलं नाही. तीन काळांचे तीन प्रकारचे नियम दिले, त्यातले प्राचीन काळाचे टोनी बाथ यांचे, आधुनिक रणगाड्यांचे लायोनेल टार यांचे, सरळ त्यांच्या नावाने. प्रत्येकाची एक-एक लढाई पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत लिहून दाखवली, कोण कुठे सरकलं, फासा काय पडला, कोण पळालं. म्हणजे ज्याने आयुष्यात कोणाला खेळताना बघितलं नाही अशा माणसाला वाचूनच खेळ समजावा. तुमच्या काकांनी कोणाला बघितलं होतं? कोणालाच नाही. त्यांना कळलं ते या लिहिलेल्या लढायांवरून, आणि त्यांनी वहीत अगदी तसंच लिहिलं.

आणि दुसरं म्हणजे वार्तापत्र. १९६२ पासून १९८० पर्यंत दर महिन्याला ते वॉरगेमर्स न्यूजलेटर काढत होते. त्यात कुठल्या गावात कोण खेळतो, कोणाला प्रतिस्पर्धी पाहिजे, कुठले सैनिक कुठे मिळतात, कोणी नवीन नियम केलेत. अठरा वर्षं! दवाखाना सांभाळून. वर पुस्तकं वेगळी, आरमाराच्या लढाया, विमानांच्या, मोहिमा कशा आखायच्या, सगळ्यावर. एक माणूस एका विषयाला किती देऊ शकतो याला काही सुमारच नाही.

आता तुमच्या पत्त्यांच्या कॅटचं. हेच मला सगळ्यात आवडलं. एकट्याने खेळताना अडचण काय, की डावा हात काय करणार ते उजव्या हाताला आधीच माहीत असतं. मनात एक बाजू लाडकी असते, नकळत तिला झुकतं माप मिळतं. म्हणून एकटे खेळणारे असे पत्ते करतात. ठरलेल्या चालीआधी एक पत्ता ओढायचा आणि त्यावर असेल ते मान्य करायचं, आवडो न आवडो. निरोप पोचला नाही म्हणजे ती पलटण या चालीला जागची हलणार नाही, तुम्हाला कितीही वाटलं तरी. फेदरस्टोननी एकट्याने खेळण्यावर १९७३ ला अख्खं पुस्तक लिहिलं, कारण त्यांना पत्रं येतच असणार अशा लोकांची ज्यांना गावात जोडीदार नाही. काकांनी ते पत्ते "दारू भिजली" आणि "सरदाराला वाटलं" असे मराठीत आणले, हे फार मोठं काम आहे हो.

सुरुवातीला अवघड काही घेऊ नका. फूटपट्टी, दोन फासे, बाजूला वीस-वीस सैनिक. पायदळ एका चालीत सहा इंच, घोडदळ बारा, बंदुकीचा पल्ला बारा इंच, असं काहीतरी धरा आणि खेळता खेळता बदला. पण वहीत काकांचे आकडे असतील तर तेच वापरा.


हळीव_मोहरी

दक्षिण कसबा दादा, रंग आणि किल्ला या दोन्हींवर मी सांगते, माझं दर दिवाळीचं काम आहे ते. माहेर सोलापूर, पाच्छा पेठ.

आधी सैनिक. ते मऊ प्लास्टिक रंग धरत नाही, वाकलं की वरचा थर सुटतो. एनॅमल असेल तर तो वाळून कडक होतो आणि आतलं प्लास्टिक लवचीक, मग खवले निघणारच. सगळे परत रंगवू नका हं! काकांच्या हातचा रंग आहे तो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने धूळ तेवढी काढा, चोळू नका, सावलीत वाळवा. मग फेविकॉल पाण्यात पातळ करून, दुधापेक्षा जरा दाट, त्याचा एक हात सगळ्या अंगावर द्या. पांढरं दिसेल, घाबरू नका, वाळलं की पारदर्शक होतं आणि सुटत आलेला रंग धरून ठेवतं. जिथे अगदीच उडालाय तिथेच ॲक्रिलिकचा ठिपका. आणि संगिनी, पाय वाकडे झाले असतील तर सरळ करायला जाऊ नका, हे जुनं प्लास्टिक काही वेळा इतकं ठिसूळ होतं की हातात तुटतं. आधी एखाद्या आधीच मोडलेल्यावर करून बघा.

सुताच्या पगडीला पाणी लावू नका अजिबात. कोरडा ब्रश.

आता किल्ला. नेहमीचा दिवाळीचा किल्ला बघायला असतो, खेळायला नसतो, हा फरक लक्षात घ्या. आपण दगड रचतो, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखल, उभा कडा, वर महाराजांचं सिंहासन, उतारावर हळीव पेरलं की चार-पाच दिवसांत हिरवंगार. दिसतं छान, पण उतारावर इंचभर सैनिक उभा राहत नाही, गडगडतो. म्हणून कड्याला पायऱ्या-पायऱ्या करा, प्रत्येक पायरी चार बोटं रुंद, सपाट. माती ओली असतानाच पाटीने दाबून घ्या.

आणि हळीव नको. हळीव दोन-तीन इंच वाढतं, तुमचे सैनिक इंचाचे, जंगलात बुडतील सगळे. त्याऐवजी वखारीतून लाकडाचा भुसा आणा, चाळून घ्या, हिरव्या रंगाच्या पाण्यात रात्रभर ठेवून वाळवा आणि ओल्या मातीवर भुरभुरा. गवत वाटतं अगदी. हळीव एखाद्या कोपऱ्यात लावा, तेवढीच झाडी, तिथून तोफ नेता येणार नाही असा नियम करा, पोरांना मजा येते.

सोलापूरची काळी माती नुसती घेतलीत तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, मोठ्या, बोट जाईल अशा. त्यात चाळलेली वाळू आणि शेण मिसळा, तिसरा हिस्सा तरी. माझे वडील तसंच करायचे. तुमच्या काकांचा किल्ला गल्ली बघायला यायची म्हणता, तो तडकत नसणार, म्हणजे त्यांनाही ही युक्ती ठाऊक होती.


खरं_ते_लिहावं

सगळं छान आहे पण एक विचारतो, राग मानू नका. फेदरस्टोन या माणसाची यादी बघितली तर त्यात इंग्रजांच्या वसाहतीतल्या लढाया, पहिलं शीख युद्ध, राणीचे शत्रू वगैरे बरंच आहे. म्हणजे आपल्याच लोकांना मारलेल्या लढाया ते तिकडे टेबलावर मांडून खेळणार, आणि आपण सोलापुरात बसून त्यांचं नाव "श्री"च्या खाली लिहायचं? सोलापुरात, जिथे १९३० ला मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत चौघांना फाशी दिली? काकांबद्दल पूर्ण आदर आहे, त्यांच्या हातांना सलाम. पण हा मुद्दा मनात आला तो लिहिला.


फासे_आणि_फूटपट्टी

मुद्दा बरोबर आहे आणि तो टाळू नये. फेदरस्टोन त्यांच्या देशाचे आणि त्यांच्या काळाचे होते, पहिल्या शीख युद्धावरचं त्यांचं पुस्तक १९६८ चं आहे आणि ते इंग्रजी फौजेच्या नजरेनेच लिहिलंय, शीर्षकातच संगिनीची आरोळी आहे. ते मी इतिहास म्हणून वाचताना दुसऱ्या बाजूची पुस्तकं शेजारी ठेवतो.

पण खेळाचे नियम ही वेगळी गोष्ट आहे. फूटपट्टीला बाजू नसते. टेबलावर खालसा फौज मांडली की तिच्या तोफा तेवढ्याच जोरात बोलतात, आणि शीख तोफखाना खरोखर किती जबरदस्त होता हे मला पुस्तकाने नाही, टेबलावर माझी अख्खी इंग्रजी फळी कापली गेली तेव्हा कळलं. आणि दादांच्या काकांनी काय केलं बघा, विलायती शिपायाला सुताची पगडी घातली. पुस्तक त्यांनी घेतलं पण लढाई स्वतःची मांडली. मला यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं.


किल्ल्यामागं

म्या सोलापूरचाच, सात रस्त्याला ऱ्हातो. सगळं वाचलालो सकाळपासनं, दुकानात गिऱ्हाईक थांबलं तरी वाचलालो. दक्षिण कसबावाले मालक, तुमचे काका कोणती लढाई खेळत होते ते वहीत बघा की जरा. कारण पगडीवाले साठ-सत्तर आणि समोर तांबड्या डगल्याचे असतील तर मला एकच आठवतंय, आपल्या भुईकोटाची.

ज्यांना माहीत नसंल त्यांच्यासाठी. मे १८१८. पेशवाई संपत आलेली, बाजीराव घोडदळ घेऊन लांब निघून गेलेला, पण त्याचं पायदळ आणि तोफा सोलापुरात होत्या, गणपतराव पानसे त्यांचे मुख्य. तिकडनं दक्षिणेकडून जनरल मन्रो आला, फौज काय फार मोठी नव्हती त्याच्याकडं. १० मे ला पेठ घेतली, शिड्या लावून. १५ मे ला किल्ला खाली झाला. पाच दिवस. आज आपण तळ्याकडंनं बागेत फिरायला जातो त्या दुहेरी तटाच्या आत लोक तोफा घेऊन बसले होते, सिद्धेश्वराचं तळं एका अंगाला, त्या बाजूनं यायला वाट नाही. शाळेत कोण शिकवलं नाही हे आम्हाला. पानिपत शिकलो, खर्डा शिकलो, आपल्या घराजवळची लढाई न्हाई शिकलो.

टेबलावर मांडायला लै भारी आहे ही. तळं एका बाजूला म्हणजे तिकडची चिंता न्हाई, पेठेच्या गल्ल्या, किल्ला मागं. प्रश्न एवढाच की पानसेंनी पायदळ बाहेर मैदानात ठेवायचं का सगळं आत घ्यायचं. तेवढाच एक निर्णय, आणि त्यावर अख्खा डाव.


दक्षिण_कसबा

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस गेले, म्हणून उशिरा लिहितोय, पण रिकामा बसलो नव्हतो.

ताई, फेविकॉलचं अगदी तुम्ही सांगितलं तसं केलं. आधी एका मोडक्या तोफवाल्यावर. रात्री पांढराफेक दिसत होता, पोटात गोळा आला, सकाळी बघतो तर रंग बसलेला आणि वर हलकी चमक. आता रोज रात्री जेवणं झाल्यावर दहा-दहा करतोय, मुलगी ब्रश धुवून देते. पगड्यांना हात लावला नाही. भिंगातून बघताना एक लक्षात आलं की सगळ्या पगड्या सारख्या नाहीत, सूत वेगवेगळ्या बाजूंनी गुंडाळलंय, एकाचा शेमला मागे सोडलाय, अर्ध्या तांदळाएवढा.

किल्ल्यामागंवाले दादा, तुमचं वाचून वह्या परत काढल्या. पहिल्या तीन वह्या साध्या आहेत, नाव नसलेल्या लढाया, निळे-तांबडे, ओढा, टेकडी, पूल. चौथ्या वहीत आहे. भुईकोट. एकदा नाही, अकरा वेळा. पहिल्याच पानावर नकाशा काढलाय पेन्सिलने, तळं, दुहेरी तट, पेठ. पेठेच्या गल्ल्या तर आजच्याच आहेत, आमचं घर पण त्यात एका ठिपक्याने दाखवलंय. प्रत्येक वेळी निळ्यांची, म्हणजे पानसेंची, मांडणी बदललीय. एकदा सगळे आत, एकदा सगळे बाहेर, एकदा निम्मे रात्री तळ्याच्या कडेने काढून मागून आणायचा प्रयत्न, तिथे पत्ता निघालाय "निरोप पोचला नाही" आणि खाली फक्त "गेले" असं लिहिलंय. अकरापैकी दोन वेळा किल्ला राखलाय. त्या दोन्ही पानांवर काही जास्तीचं लिहिलेलं नाही, उद्गारचिन्हही नाही, फक्त फाशांचे आकडे जरा मोठ्या अक्षरात.

"खरं ते लिहावं" तुम्ही विचारलंत ते मी घरात पण बोललो. आईने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ती म्हणाली, गिरणीत असताना तुझ्या काकाला एका विलायती मशीनचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, ते वाचून त्याने बंद पडलेला माग चालू केला होता, तेव्हाही तो महिनाभर त्या लेखकाचं नाव घ्यायचा. ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव घ्यायचा, एवढंच होतं त्याचं.

फासे आणि फूटपट्टी दादा, तुम्ही म्हणालात तसं आकडे वहीत आहेत. पायदळ सहा, घोडदळ बारा, तुम्ही अंदाजाने सांगितलेत तेच निघाले! तोफेला वेगळा तक्ता आहे. आणि एक नियम त्यांनी स्वतः घातलेला दिसतो, पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये मला तो सापडला नाही: तटावरच्या पलटणीतले निम्मे पडले तरी एक चाल ती पळत नाही. समासात "हे आपल्याकडचं" असं लिहिलंय.

अकराव्या लढाईनंतर बारावी सुरू केलेली आहे आणि ती अर्धवट आहे. चौथी चाल झालीय. तांबडे पेठेत शिरलेत, निळ्यांच्या दोन तोफा तटावर, पायदळ अजून बाहेर. कोण कुठे उभं आहे ते सगळं नकाशावर पेन्सिलने. त्याखाली तारीख नाही.


किल्ल्यामागं

मालक, पाचवी चाल कोणाची आहे?


दक्षिण_कसबा

निळ्यांची. आणि पत्ता ओढायचा आहे त्याआधी, तसं लिहिलंय.


फासे_आणि_फूटपट्टी

मग नवीन डाव मांडू नका. तोच पुढे न्या. दिवाळीत मी सोलापूरला येऊ शकतो, बहीण तिथेच आहे, होटगी रोडला. आमच्याकडे घोडदळ बऱ्यापैकी आहे, पण माप मोठं आहे, २८ मिलिमीटर, तुमच्या सैनिकांशेजारी राक्षस दिसतील. त्यामुळे फक्त फासे आणि हात घेऊन येतो.


हळीव_मोहरी

माती आत्तापासून चाळून ठेवा. शेण ताजं नको, दोन दिवसांचं. आणि मला पण यायचंय, मी वसुबारसेला माहेरीच आहे. तटाच्या पायऱ्या मीच दाबून देईन, पाटी माझी घेऊन येते.


दक्षिण_कसबा

या की सगळे. वसुबारसेच्या संध्याकाळी किल्ला घालायला घेऊ, वाळायला दोन-तीन दिवस, आणि पाडव्याला दुपारी चारला पाचवी चाल. मुलीने तांबडे मागितलेत, निळे किल्ल्यामागंवाल्या दादांना देतो, तुमचा जीव आहे त्या तटावर. पत्ते आई ओढणार. मी वहीत लिहीन.

फासे आणा, काकांच्या डब्यात दोनच आहेत आणि त्यातल्या एकाचा सहाचा ठिपका झिजून पाच झालाय. फूटपट्टी पण आणा जमलं तर. त्यांची लाकडी आहे, पण तिच्यावरचे पहिल्या सहा इंचांचे आकडे पुसून गेलेत.